मावशीच्या गाण्यातली डरकाळी

अन्याय माझ्या मावशीवर झाला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या गावच्या मंडईत, नाटकाच्या मांडवामागे, दुपारची पंगत उठून बायका गंज-भांडी घासत बसल्या होत्या तेव्हा. मी आठवीत होते. मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव भरते ती जत्रा: दिवसा दंडारीचा नाच, रात्री नाटक, आणि प्रत्येक घरात पाहुणे. त्या गर्दीतून चंद्रपूरचा एक माणूस मोटारसायकल ढकलत आला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. गाण्यांच्या सीड्या काढणारी त्याची कंपनी होती. त्याने मावशीला नारळ दिला, लुगडं दिलं आणि एक कागद पुढे केला. मावशीने सही केली. चांगली पूर्ण नावाची सही केली, कारण साक्षरता वर्गात ती शिकली होती आणि अंगठा द्यायची तिला लाज वाटायची.

त्या सहीने तिची नऊ गाणी गेली. त्यातलं एक माझ्या आईचं होतं.

आईचं म्हणजे आईने गायलेलं नव्हे. आईवर रचलेलं. मी सहावीत असताना, चैत्रात, आई मोहफुलं वेचायला गेली आणि परत आली नाही. पोंभुर्ण्याच्या बाजूला ज्यांचं गाव रानाला लागून आहे त्यांना पुढचं सांगावं लागत नाही. इतरांना सांगते: माणसं शोधायला गेली तेव्हा मोहाखाली तिची टोपली उभी सापडली. पडलेली नाही, लवंडलेली नाही, उभी. आईला आणलं ते मला दाखवलं नाही. टोपली मात्र अंगणात आणून ठेवली, आणि दोन दिवस ती तिथेच होती, कारण ती कोणी उचलायची हे कोणालाच कळेना. शेवटी मावशीने उचलली.

त्या आषाढात रोवणी, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाली. मावशी आईची धाकटी बहीण. पावसाळ्यात चिखलात, दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकात गाणारी. बांधावर मी पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या देत होते. बायका एका ओळीत वाकलेल्या. रोवणीला गाणं लागतंच, त्याशिवाय हात एका लयीत पडत नाहीत. पण त्या वर्षी आमच्या बांधीत, त्या चिखलाच्या वाफ्यात, कोणी तोंड उघडत नव्हतं. मग मावशीने वर न बघता ओळ टाकली:

मोहाखाली टोपली उभी, बाई, टोपलीत फूल नाई,
कोन येचलं, कोन नेलं, सांगून गेलं कोनी नाई.

बायकांनी ती मागून उचलली. ‘नाई’वर मावशी सूर वर नेऊन धरून ठेवायची, आणि तोवर बाकीच्यांचे रोपांचे चार चूड रोवून व्हायचे. पूर्ण गाण्यात त्याचं नाव नाही. त्याचं म्हणजे वाघाचं. आमच्याकडे रानात त्याचं नाव घेत नाहीत, आणि ज्या घरातलं माणूस त्याने नेलं त्या घरात तर अजिबात घेत नाहीत. म्हटलं की येतो, असं मानतात. तुम्ही हसाल. हसा. पण मावशीने आपल्या बहिणीवर गाणं रचलं आणि त्यात त्याला पाय ठेवू दिला नाही, एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

मी कुठेही ही गोष्ट सांगितली की कोणीतरी विचारतंच, शिकलेली बाई कागद न वाचता सही कशी करते? नाटकात काम करणाऱ्या आमच्याकडच्या कोणालाही विचारा. दिवाळीला मंडळाचा मालक नारळ देतो, कागदावर सही घेतो. त्या कागदावर काय वाट्टेल ते मोठे शब्द असतात. ते कोणी वाचत नाही, मालकही वाचत नाही. कारण शिमगा आला की कलाकार मालकाच्या कपाळाला गुलाल लावतो, मालक कलाकाराच्या, आणि दोघं मोकळे. पुढच्या दिवाळीला नवा नारळ. मावशीने अशा किती सह्या केल्या असतील. शिमग्यानंतर एकाही कागदाने तिला कधी अडवलं नव्हतं.

तेव्हा तिने कंपनीच्या माणसाचंही तेच धरलं. चंद्रपुरात एका खोलीत, एका दिवसात, नऊ गाणी गायली. ढोलकीवर एक चाचा होते, बाजारातल्या लाउडस्पीकर दुरुस्तीच्या दुकानाचे मालक. सीडी निघाली. बरी होती. गावात टीव्ही असलेल्या घरी आम्ही ऐकली, आणि आईचं गाणं लागलं तेव्हा माझी आजी उठून आत गेली.

मग शिमगा आला. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मावशी मला घेऊन एसटीने चंद्रपूरला गेली. कंपनीचं ऑफिस जिना चढून होतं. तो माणूस टेबलामागे बसला होता. मावशीने चप्पल दाराबाहेर काढली, पदराच्या गाठीतून गुलालाची पुडी सोडली आणि त्याच्या कपाळाला लावला.

तो म्हणाला, “अरे वा, बाई. होळी काल झाली न.”

“तुम्ही आपले कलाकार लोक मोकळे कराले येत नाई म्हनून मले यावं लागलं,” मावशी म्हणाली. त्याचं बोलणं तिला विनोद वाटलं होतं.

तोही हसला. बोट बुडवून त्याने तिच्या कपाळाला गुलाल लावला. चहा मागवला. उतरताना मावशी मला म्हणाली, “झालं वं. आता गाणे आपले.” जिन्यात तिने माझ्याही कपाळाला थोडा पुसला.

पुढे मी संघटनेची पत्रकं लिहायला लागले, पण हा प्रसंग त्यात कधी लिहू शकले नाही. दोनदा लिहायला घेतला आणि फाडला. त्या माणसाला त्या गुलालाचा अर्थ माहीत नसेल, हे मी एक वेळ मानते. पण त्याने विचारलंही नाही की तुम्ही गावावरून एवढ्या लांब, माझ्या कपाळाला बोट लावायला कशाला आलात.

पुढच्या दिवाळीच्या आत दुसरी सीडी आली. गोंडपिपरीच्या बसस्टॉपवर मोबाईलचं दुकान होतं, बाहेर टीव्ही लावलेला. आम्ही बसची वाट बघत होतो. आधी डीजेचे ठोके ऐकू आले, मग मावशीचा आवाज, पण जोरात पळवलेला, बारीक झालेला. मोहाखाली टोपली उभी. टीव्हीवर चार पोरी टोपल्या घेऊन नाचत होत्या. ‘नाई’वर, जिथे मावशी सूर धरायची तिथे, सूर कापला होता. आणि त्या जागी डरकाळी होती. पट्ट्यांचा ड्रेस घातलेला एक माणूस झाडामागून उडी मारून आला आणि एका पोरीला खांद्यावर टाकून घेऊन गेला. उभे असलेले लोक हसले. दुकानदाराने आवाज वाढवला.

मी मावशीकडे बघितलं नाही. मी बसच्या पाटीकडे बघत होते. ती पाटी मला आजही पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा तो जिना चढलो. या वेळी तिने चप्पल काढली नाही.

“मी गुलाल लावला होता न,” ती म्हणाली.

त्या माणसाला आठवायला वेळ लागला. मग त्याने कपाटातून कागद काढला, उलटा करून तिच्याकडे सरकवला. “बाई, हा कायमचा आहे. ध्वनिमुद्रण आमचं. आम्ही काय बी करू.”

“मले गाणं नाई पाह्यजे,” मावशी म्हणाली. “त्याले माह्या गाण्यातून काढ.”

“कोणाले?”

मावशी बोलली नाही. नाव कसं घेणार. मी म्हटलं, “वाघाला. ती वाघाला म्हणून राह्यली.”

तो खरंच चकित झाला. “अहो, त्याच्यासाठीच तर चालून राह्यलं. त्याले काढलं तं काय राह्यलं त्यात?”

हे वाक्य मी त्याच्या तोंडचं जसंच्या तसं लिहिलं आहे. त्याला आम्ही सांगितलं होतं की गाणं कोणावर आहे. त्या दिवशी सांगितलं, तिथेच. त्याने ‘च्च’ केलं, आणि मग वरचं वाक्य म्हणाला.

पैशाचं मी या लेखात बोलणार नाही. मावशीही कधी बोलली नाही. एकच मागणं होतं, आणि ते आजही तेच आहे.

त्या हंगामात नाटकाच्या मध्यंतरात प्रेक्षक ओरडायचे, “ओ बाई, डरकाळीवालं होऊ द्या.” मावशी दुसरं गाणं सुरू करायची. मग मांडवातून कोणीतरी डरकाळी फोडायचा आणि सगळा मांडव हसायचा. शिमग्याला तिने मालकाला गुलाल लावला आणि पुढच्या दिवाळीला नारळ घेतला नाही. नाटकाच्या गाडीत जागरणासाठी खर्रा खायची सवय लागली होती, ती मात्र घरी आली. आमच्या भागात खर्रा काय आहे हे वेगळं सांगत नाही. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून पोरासोरांच्या गालात बसलेला असतो. मावशीच्या गालात तो वर्षानुवर्षं बसला. घरात कोणी तिला ओरडलं नाही. मीही नाही. ती गात नव्हती, निदान काही तरी चघळते आहे असं वाटायचं.

मी चंद्रपूरला कॉलेजात गेले, तिथे एका संघटनेत पडले. जंगलाच्या हक्काची, खाणीच्या धुळीची पत्रकं लिहायची, आठवडी बाजारात वाटायची. पोंभुर्णा, गोंडपिपरी, चिमूर, सगळ्या बाजारांत मी उभी राहिले आहे. दुसऱ्यांवरचा अन्याय दोन बाजूंच्या कागदात बसवायला मी शिकले. आणि घरातला कागद मी वाचला नव्हता. ही माझी लाज आहे, ती मी झाकत नाही.

तो कागद मावशीच्या पेटीत, तेंदूपत्त्याच्या कार्डाच्या पन्नीत होता. मी तो वाचला तेव्हा ती जात्याच्या दगडासारखी समोर बसून होती. ध्वनिमुद्रण कायमचं कंपनीचं, हे लिहिलं होतं. पण खाली नऊ गाण्यांचा तक्ता होता, आणि त्यात गीत व चाल या रकान्यात नऊही ठिकाणी एकच शब्द: पारंपरिक. मावशीचं नाव फक्त ‘आवाज’ या रकान्यात.

मी उडालेच. संघटनेच्या वकिलाला फोन केला. तो म्हणाला, शब्द आणि चाल त्यांनी घेतलेलीच नाही. त्यांच्याकडे फक्त त्या दिवसाचं मुद्रण आहे. बाई पुन्हा गाऊ शकतात, नवं मुद्रण करू शकतात, आणि ते त्यांचं राहील. पारंपरिक म्हणूनच छापा, म्हणजे कोणाला काही सिद्ध करावं लागणार नाही.

मी मावशीला सांगितलं. बाहेरच्या देशात गाणारे असं करतात म्हणे, कंपनीकडे अडकलेली जुनी गाणी पुन्हा गाऊन आपली करून घेतात. लोकही नवीनच ऐकतात.

मावशी म्हणाली, “त्यायचं तोंड उघडत असन.”

तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. ती भात बोटांनी दाबून, चपटा करून तोंडात सारत होती. दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या दातांमध्ये बोटं घालून बघितली. दोन बोटं गेली, तिसरं गेलं नाही. खर्र्याने गालाची आतली कातडी आखडते, त्या म्हणाल्या, दोरीसारखी होते, आणि आखडत जाते. खर्रा आजच सोडा, व्यायाम करा, आहे तेवढं राहील. जास्त उघडेल असं मी म्हणत नाही.

मी विचारलं, गाता येईल का. त्यांनी मावशीकडे बघितलं आणि म्हणाल्या, गायचं असेल तर लवकर गा.

व्यायाम म्हणजे आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. दातांमध्ये एकावर एक काड्यांची गठ्ठी घालायची, आणि ती सहन झाली की मधे अजून एक सारायची. मावशी ओट्यावर बसून ते करायची, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि येणारेजाणारे विचारायचे, “काऊन वं बाई, कुल्फी संपली का?” ती मान हलवायची. खर्रा तिने त्याच दिवशी सोडला. एवढं तरी केलं तिने, माझ्या सांगण्यावरून नाही, गाण्यासाठी.

मग मी छापायचा मजकूर लिहून आणला. गीत व चाल: पारंपरिक. तिने वाचला. पेटीतला कागदही काढून शेजारी ठेवला आणि दोन्हींवर तोच शब्द दाखवला.

“तुही माय पारंपरिक होती का?”

मी म्हटलं, “मावशी, हे वकिलाचं म्हणणं आहे. असं लिहिलं तर भांडण लवकर मिटते.”

“मले ठाऊक हाये. माह्या मायनं शिकवलेले गाणे आहेत त्यात. सात. ते लिव्ह पारंपरिक, हाव म्हनतो मी. एक माह्या डोक्यातलं हाये, ते बी लिव्ह, काही नाई. पन ते टोपलीचं…” ती थांबली. जबडा दुखत होता. “त्या दिवशी बांधीत मी होतो, तू होती. कोन म्हनते पारंपरिक?”

मला राग आला. तिचा नाही. तो रकाना वाचून मी खूश झाले होते त्याचा. कंपनीने एक खोटं लिहिलं होतं, आणि माझ्यासारखी, बाजारात उभी राहून खोटं सोलणारी, तेच खोटं आपल्या कामाला येतं म्हणून घरी घेऊन आली होती. मी मजकूर फाडला. नवीन लिहिला. नववं गाणं: शब्द, चाल आणि आवाज मावशीचा. वकील म्हणाला, मग सिद्ध करावं लागेल. आम्ही म्हटलं, करू.

चाचा अजून त्याच दुकानात होते. दाढी पांढरी झालेली. मावशीला बघून उठले. “मीही सही केली होती, बाई. त्याच दिवशी, त्याच पेनानं,” ते म्हणाले. “माझी ढोलक पण त्यायनं काढून फेकली. डीजेत ढोलकचं काय काम.” दुकानामागच्या खोलीत त्यांनी भिंतींना गाद्या लावल्या. उन्हाळा होता, चंद्रपूरचा. पंख्याचा आवाज मुद्रणात येतो म्हणून पंखा बंद. म्हणून आम्ही सकाळी सहाला बसायचो आणि आठला उठायचो, त्यापुढे त्या खोलीत माणूस शिजतो. मावशी मानेवर ओला रुमाल टाकून गायची. दोन ओळी झाल्या की थांबायची. शब्दांच्या कडा गेल्या होत्या. ‘ड’ आणि ‘ळ’ तोंडात अडकायचे. चाचा परत परत घ्यायचे, एकदाही कुरकुरले नाहीत. “फिर से, बाई. घाई नाई.”

आठ गाणी झाली. नववं ती पुढे ढकलत राहिली. मग एका सकाळी उभी राहिली, आणि पहिल्याच ‘नाई’वर सूर वर नेला. तो गेला नाही. अर्ध्यात तुटला. तिने पुन्हा नेला. पुन्हा तुटला. सहाव्या वेळी तिने दोन्ही हातांनी आपला जबडा धरून खाली ओढला, आणि चाचांनी यंत्र बंद केलं.

“नका करू, बाई.”

“चालू ठेवा.”

“नाई ठेवत.”

ती भिंतीकडे तोंड करून बसली. गादीवर कपाळ टेकवून. मी तिच्या मानेवरचा रुमाल पुन्हा भिजवून आणला. मग ती म्हणाली, “बांधीत मी एकटी कुठी होतो.”

चार दिवसांनी गावातल्या सात बायका पहिल्या एसटीने आल्या. त्या रोवणीला ज्या होत्या त्यातल्या दोघी आता नाहीत, एक मुलीकडे सिरोंच्याला असते. बाकीच्या आल्या. आधी चाचांच्या टेबलावर कागदावर त्यांनी लिहून दिलं की हे गाणं त्यांनी पहिल्यांदा कुठे, कोणाच्या तोंडून ऐकलं. तिघींनी अंगठे दिले. मग त्या खोलीत शिरल्या. जागा नव्हती. एक म्हणाली, “वाकावं का वं? उभ्यानं नाई जमत मले.” त्या खरंच किंचित वाकल्या, पदर खोचून, जशा बांधीत. मावशीने ओळ टाकली, खालच्या पट्टीत, जाड झालेल्या आवाजात. आणि ‘नाई’ आलं तेव्हा ती खालीच थांबली, आणि तो सूर बायकांनी वर नेला. नीट नेला नाही. एकीचा पुढे, एकीचा मागे. पण धरून ठेवला.

संपल्यावर चाचांनी ते ऐकवलं. मावशी कान देऊन ऐकत होती, गाण्याकडे नाही, गाण्याच्या मागे.

“तो आला का यात?”

“नाई बाई,” चाचा म्हणाले. “यात फक्त तुम्ही आहा.”

इथे थांबता आलं असतं तर मला आवडलं असतं. आम्ही ती नऊ गाणी मोबाईलवर सगळ्यांना ऐकता येतील अशी चढवली. दुसऱ्या आठवड्यात टोपलीचं गाणं तिथून गेलं. त्या जागी काळी चौकट, आणि खाली: मूळ मालकाच्या तक्रारीवरून काढले आहे. कंपनीने कळवलं होतं की कोणीतरी आमच्या गाण्याची नक्कल केली आहे. आम्ही कागद पाठवले, बायकांचं लिहून दिलेलं पाठवलं. उत्तर आलं, विचाराधीन आहे. मी चाचांना विचारलं, दोन्ही आवाज तिचेच, मग गाणी तपासणाऱ्या यंत्राला कळत कसं नाही? ते लाउडस्पीकरचा पडदा चिकटवत होते. म्हणाले, “यंत्राले जो आधी आला तो मालिक. बेटा, माणसायचं बी तसंच हाये.”

अजून विचाराधीनच आहे. मावशीच्या दातांमध्ये आता दीड बोट जातं. परत गाण्याचा प्रश्न उरलेला नाही. जे मुद्रण झालं ते शेवटचं, आणि ते चाचांच्या लॅपटॉपवर आहे, आणि मी भरून वाटते त्या पेनड्राइव्हवर आहे. एवढंच.

परवा शेजारच्या गावात लग्न होतं. मावशी पंगतीत बसली होती, वरण भातात कालवून, पातळ करून. डीजेवर ते लागलं. पळवलेला, बारीक झालेला तिचाच आवाज, तरुणपणचा. मग डरकाळी. पोरं पंजे करून एकमेकांच्या अंगावर धावली, आणि एक पोरगा पंगतीतून धावत मावशीच्या पाठीशी आला आणि तिच्या कानाशी ‘आऽऽ’ केलं. त्याला काय माहीत. ती हलली नाही. हात पत्रावळीवर तसाच राहिला.

मी डीजेवाल्याकडे गेले. म्हटलं, हे बंद कर, ही बाई बसली आहे, तिचं गाणं आहे, तिच्या बहिणीवरचं. त्याने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. “ताई, पब्लिक मांगते,” तो म्हणाला. मी पेनड्राइव्ह पुढे केला, हे लाव म्हटलं. त्याने हातात घेतला, बघितला, परत दिला. “यात डरकाळी हाये का?”

त्याने पब्लिक म्हटलं ते तुम्ही आहात. त्या पंगतीत तुम्ही होता, किंवा अशाच दुसऱ्या पंगतीत होता. कंपनीवाल्याने बसवलेला हा वाघ वीस वर्षांचा होत आला आणि मेला नाही, कारण दर लग्नात तुम्ही त्याला खाऊ घालता. कंपनीशी आम्ही भांडू. तुमच्याकडून मला सही नको, वर्गणी नको, मोर्चात यायलाही नको. तुमच्या मोबाईलमध्ये ते डरकाळीचं गाणं असेल तर हे पान मिटायच्या आधी काढून टाका. आणि पुढच्या लग्नात ते लागलं, की ताटावरून उठा, डीजेवाल्याकडे जा, आणि त्याला तोंडावर सांगा: त्याला या गाण्यातून काढ, नाहीतर गाणं बंद कर. तो बंद करेपर्यंत जागेवर परत बसू नका.